काहीच गोड लागत नाही!

"डॉक्टर, हल्ली काहीच गोड लागत नाही हो!"

दोन महिन्यांत तिसऱ्यांदा एक निवृत्त गुरुजी हीच तक्रार घेऊन आले. रक्तदाब १३०/८०. साखर, हिमोग्लोबिन, थायरॉईड, ईसीजी सगळे ठीक. पहिल्या खेपेस मी भुकेचे औषध दिले, दुसऱ्या खेपेस शक्तीच्या गोळ्या. या वेळी ते झोपेची गोळी मागत होते आणि माझा हात चिठ्ठीकडे गेलाही होता.

कोण जाणे का, पण मी थांबलो आणि विचारले, "गुरुजी, गेल्या पंधरा दिवसांत कशाने बरे वाटले? कशात मजा आली?"

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आठवत नाही."

हळूहळू सगळे बाहेर आले. गेल्या वर्षी पत्नी गेली. तेव्हापासून अंगणातल्या जुईला पाणी नाही. रेडिओचे सेल संपले, ते आणले नाहीत. संध्याकाळचा मित्रांचा कट्टा सुटला. 'जगू नये' असे मनात येते का, हेही मी स्पष्ट विचारले. असे विचारल्याने तो विचार माणसाच्या डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट बोलायला वाट मिळते. सुदैवाने तसे काही नव्हते.

वाचकहो, नैराश्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रडणारा माणूस येतो. पण अनेकदा माणूस रडत नाही. त्याची फक्त गोडी जाते. आवडीच्या गोष्टींतला रस संपणे हे नैराश्याच्या दोन मुख्य लक्षणांपैकी एक आहे. दुसरे म्हणजे उदासपणा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये मनःस्वास्थ्यासाठी पाच प्रश्नांची एक छोटी चाचणी आणली. तीतही गेल्या दोन आठवड्यांत रोजच्या जगण्यात रस वाटला का, हे विचारलेले आहे. म्हणजे सकाळच्या चहाची चव, नातवाची बडबड, पहिल्या पावसाचा वास या फालतू गोष्टी नव्हेत. नाडीसारखीच त्यांचीही चौकशी व्हायला हवी.

मग उपाय काय? 'मन लागले की करू' असे आपण म्हणतो. या अवस्थेत मात्र गाडी उलटी चालवावी लागते. आधी करायचे, मन मागून येते. मानसोपचारात ही पद्धत चांगली रुळलेली आहे. मी गुरुजींच्या चिठ्ठीवर लिहिले: सकाळी वीस मिनिटे उन्हात फिरणे. जुईला पाणी. रेडिओला सेल. आठवड्यातून दोनदा कट्ट्यावर, बोलावेसे वाटले नाही तरी नुसते बसायला. झोपेची गोळी दिली नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावले.

खरे सांगतो, त्या रात्री सौभाग्यवतींनी विचारले, "आज डब्यात भाजी कोणती होती?" मला सांगता आले नाही. मोबाईल पाहत जेवलो होतो. दुसऱ्यांना चिठ्ठी लिहिणारा मीच पथ्य मोडत होतो! आता जेवताना फोन ड्रॉवरमध्ये असतो. भाजी दोडक्याची होती की घेवड्याची, एवढे तरी कळते.

सगळ्यांचे एवढ्याने भागत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ गोडी गेली असेल, झोप, भूक, कामावर परिणाम होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. औषधे व समुपदेशन यांचा चांगला उपयोग होतो. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका. मरणाचे विचार येत असतील तर क्षणभरही थांबू नका, घरच्यांना सांगा. २०२२ मध्ये सुरू झालेली सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते.

गुरुजी पंधरा दिवसांनी आले. झोप अजून पूर्ण सुधारलेली नव्हती. जुईही अजून सुकलेलीच होती. पण हातात कागदाची पुडी होती. "काल बाजारात ओल्या शेंगा दिसल्या. मिठात उकडल्या. वर्षभरात पहिल्यांदा काही खावेसे वाटले. तुमच्यासाठीही आणल्यात."

बाहेर पेशंट ताटकळत होते. तरी आम्ही दोघांनी दोन-दोन शेंगा फोडल्या.

आज रात्री झोपण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना, आणि स्वतःलाही, एवढेच विचारा: आज काय गोड लागले?