एक बल्ब गेला की माळ का विझते?

दिवाळीच्या जुन्या माळेतला एक बल्ब गेला की अख्खी माळ विझायची. घरात मात्र स्वयंपाकघरातला दिवा गेला म्हणून पंखा बंद पडत नाही. फरक विजेत नाही, जोडणीत आहे.

माळेतले बल्ब एकसर जोडलेले असतात. विद्युतधारेला एकच वाट. ती कुठेही तुटली की परिपथच तुटतो. शिवाय २३० व्होल्टचं विभवांतर सगळ्यांत वाटलं जातं. सारखे ४० बल्ब असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पावणेसहा व्होल्ट येतात.

घरात जोडणी समांतर असते. प्रत्येक उपकरणाला पूर्ण २३० व्होल्ट आणि स्वतंत्र वाट. पण इथे धारांची बेरीज होते, आणि मुलं नेमकं हेच विसरतात. वॅटला व्होल्टने भागा, अँपिअर मिळतील. पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड साधारण साडेसहा अँपिअर घेतो, १००० वॅटची इस्त्री सव्वाचारच्या वर. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावले, तर त्याच्या वायरमधून जवळजवळ ११ अँपिअर वाहतात. वायरमधली उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: धारा दुप्पट, तर उष्णता चौपट! बारीक वायरचं आवरण वितळतं ते यामुळेच.

वायर इतकी तापण्याआधी फ्यूजची तार वितळते आणि परिपथ तुटतो. म्हणून फ्यूज वारंवार उडत असेल, तर त्यात जाड तार कधीही घालू नका. आधी त्या लाइनवरची उपकरणं कमी करा.