मेलेल्या पेशी उचलल्या गेल्या नाहीत तर



गेल्या वर्षी आमच्या शिबिरात बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी आली. दोन्ही गालांवर लाल चट्टे, सकाळी बोटे आखडलेली, मधूनमधून ताप. आईने 'बाहेरचे काही असेल' म्हणून दंडाला गंडा बांधला होता. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात! एएनए, डीएनएविरोधी अँटिबॉडी आणि लघवीची तपासणी झाली. निघाला ल्युपस.

आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात. त्यात वावगे काही नाही. मरणारी पेशी आपल्या आवरणावर 'मला उचला' अशी खूण दाखवते. मग मॅक्रोफेज नावाची भक्षक पेशी ती फुटण्याआधीच गिळून टाकते. रक्तातले सी१क्यू हे प्रथिन मेलेल्या पेशीला चिकटून या कामात मदत करते. गंमत म्हणजे शेजारच्या साध्या पेशीही हे काम करतात. मेलेले उचलण्याचे काम शरीराने कुणा एका जातीवर लादलेले नाही.

हे काम तुंबले की पेशी फुटते आणि आतला डीएनए बाहेर सांडतो. प्रतिकारशक्तीला तो विषाणूसारखा वाटतो. ती त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करते. त्यांचे गुंते मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकतात, तिथे सूज येते. ज्या मोजक्या लोकांत सी१क्यू जन्मतःच नसते, त्यांतल्या बहुतेकांना ल्युपस होतो. बाकीच्यांत मात्र अनुवंश, संप्रेरके अशी बरीच कारणे मिसळलेली असतात. दहा रुग्णांत नऊ बाया असतात.

उन्हाने त्वचेच्या पेशी मरतात, म्हणजे उचलायचा ढीग वाढतो. म्हणून ऊन लागले की आजार उसळतो. डॉक्टर सांगतात, उन्हात जाऊ नका. बिगारी कामावरच्या बाईने काय करायचे? निदान पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला-तोंडाला ओढणी आणि मुकादमाकडे दुपारचे सावलीतले काम मागणे, एवढे तरी करावे.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी बरे वाटले म्हणून बंद करू नका. डोळे मात्र डॉक्टर सांगतील तेव्हा तपासून घ्या. लघवीला फेस आला, पाय सुजले तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. आणि 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' काढे? इथे ती आधीच चुकीच्या जागी लढते आहे.

ती मुलगी आता गोळ्या नियमित घेते. गंडा तिने स्वतःच कात्रीने कापला. आई अजून थोडी रुसलेली आहे.