मीममधले गोलमटोल पोप आले कुठून? बोटेरोंच्या चित्रांमागची गोष्ट

मोबाईलवर फिरणाऱ्या मीममध्ये हे चित्र अनेकांनी पाहिलं असेल. फुग्यासारखा टम्म चेहरा, त्यात बारीकसे डोळे, एवढंसं तोंड. हा फोटोची ओढाताण करून केलेला प्रकार नाही. कोलंबियाचे चित्रकार फर्नांडो बोटेरो यांनी १९६४ मध्ये काढलेलं हे पोप लिओ दहावे यांचं चित्र आहे.

मूळ चित्र कोणाचं?
इटलीचे चित्रकार राफाएल यांनी १५१८ च्या सुमारास या पोपचं चित्र काढलं होतं. पोप म्हणजे कॅथलिक ख्रिश्चनांचे सर्वोच्च धर्मगुरू. राफाएलच्या चित्रात त्यांचा दरारा दिसतो. बोटेरोंनी तेच पोप घेतले आणि फुगवले. दरारा गेला, उरला कंटाळलेला माणूस.

ही पद्धत सापडली कशी?
१९५६ मध्ये मेक्सिकोत असताना बोटेरो मेंडोलिन हे तंतुवाद्य रंगवत होते. वाद्याच्या मधलं भोक त्यांनी फारच लहान काढलं, तर अख्खं वाद्य एकदम फुगल्यासारखं दिसू लागलं. तीच युक्ती पुढे चेहऱ्यांवर आली. नाक-डोळे बारीक ठेवायचे, म्हणजे बाकीचा माणूस आपोआप अवाढव्य दिसतो.

हसू कोणाचं?
बोटेरोंचा जन्म १९३२ चा, मेदेयिन शहरातला. लहानपणी त्यांनी पाहिलेली कला म्हणजे मुख्यतः चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं. त्यामुळे बिशप, कार्डिनल, नन त्यांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येतात. एका चित्रात तर बडे धर्मगुरू झग्यासकट बाथटबमध्ये पहुडलेत! इथे हसू येतं ते पदाच्या बडेजावाचं.

मग श्रद्धेचं काय?
याचं उत्तर त्यांच्या २०१०-११ मधल्या चित्रमालिकेत मिळतं. येशूला क्रूसावर चढवण्यापर्यंतचा प्रवास त्यांनी २७ तैलचित्रांत रंगवला. एका चित्रात येशू आजच्या शहरातल्या बागेत क्रूसावर आहे. मागे उंच इमारती, आजूबाजूला लोक निवांत फिरतायत. शरीर इथेही जाडजूडच आहे, पण हसू येत नाही. एवढ्या मोठ्या देहावरची जखमही मोठी वाटते, आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नाही हे जास्त टोचतं.

ही मालिका त्यांनी मेदेयिनच्या संग्रहालयाला भेट दिली. २०२३ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी बोटेरो यांचं निधन झालं. मोबाईलवर लोक आजही त्यांच्या पोपला हसतात. ती २७ चित्रंही एकदा बघा, म्हणजे या चित्रकाराने कुठे हसवलं आणि कुठे हात आखडला ते कळेल.