धानाच्या पोटातले चंदेरी घर

बाळगुटीसाठी सहाणेवर मायफळ आणि काकडशिंगी उगाळताना किती जणांच्या मनात येते, की यातले एक फळ नव्हे आणि दुसरे शिंगही नव्हे? मायफळ म्हणजे ओक वृक्षाच्या फांदीवर एका चिमुकल्या गांधीलमाशीमुळे उठलेली गाठ. काकडशिंगी म्हणजे माव्याच्या जातीच्या किड्यांनी उठवलेला पोकळ फुगवटा. किड्याने झाडाला चेतवावे आणि झाडाने आपल्याच रसावर त्याला घर बांधून द्यावे, अशी ही तऱ्हा आहे.

या विद्येत निष्णात असे माशांचे एक मोठे घराणे आहे. त्यातल्या 6000 हून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत आणि बहुतेकींची लांबी दोन-तीन मिलिमीटरच. आंब्याच्या पानांवर फोडांसारखे बारीक उंचवटे तुम्ही पाहिले असतील. ती पुष्कळदा याच घराण्याची करामत. पण यातली एक मात्र थेट आपल्या ताटातल्या भातावर उठली आहे. तिचे नाव गादमाशी. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील जेम्स वुड-मेसन यांनी 1889 साली तिचे शास्त्रीय नामकरण केले. शेतकऱ्याचे तिच्याशी असलेले वैर अर्थातच त्याहून जुने.

मी ती पाहिली भंडारा जिल्ह्यात, साकोलीकडच्या एका बांधीत. रोवणी होऊन महिना लोटला होता. धान असे दाट फुटले होते, की माझ्यासारखा शहरी माणूस खूष व्हावा. बांधीच्या मालकाने वाकून एक फुटवा उपटला आणि माझ्या हाती दिला. पान कसले, कांद्याची पातच ती! गोल, पोकळ, चंदेरी झाक असलेली.

"दिसाले चांगला आहे, भाऊ," तो म्हणाला, "पण याले लोंब येत नाही."

सारी शोकांतिका त्या एका वाक्यात होती.

ही माशी दिसते डासासारखी. मादीचे पोट तेवढे नारिंगी-तांबडे. ती रात्री उडते आणि जगते जेमतेम दोन-चार दिवस. तेवढ्यात शे-दोनशे अंडी धानाच्या पानांवर घालून मोकळी होते. तीन-चार दिवसांनी अळी बाहेर पडते आणि ओल्या पानावरून घसरत फुटव्याच्या गाभ्याकडे निघते. पान कोरडे असेल तर ती वाटेतच मरते. म्हणून सततची रिमझिम, ढगाळ आभाळ आणि दमट हवा हे तिचे सुगीचे दिवस. कवींना प्रिय असलेला श्रावण धानवाल्याला धास्तीचा वाटतो तो यामुळे.

गाभ्याशी पोचलेली अळी कोंब कुरतडून टाकत नाही. ती तिथे बसून रस शोषते, आणि तिच्या लाळेचा परिणाम असा, की फुटव्याची वाढच वाट चुकते. लोंब जिथून यायची तो कोंब थांबतो आणि पानाचा देठ अळीभोवती नळी होऊन वाढू लागतो. आत ऊबही आहे, अन्नही आहे. दोन-तीन आठवड्यांत अळीचा कोष होतो. त्याच्या अंगावरच्या काट्यांच्या आधाराने तो नळीतून वर सरकतो, टोकाशी भोक पाडतो आणि माशी उडून जाते. भोकात पांढरी कात तेवढी लटकत राहते.

खरी गोम इथे आहे. चंदेरी पोंगा डोळ्यांना दिसू लागतो तो आतली पाहुणी निघायच्या बेतात असताना. त्या वेळी पंप पाठीला लावून केलेली फवारणी म्हणजे रिकाम्या घराला कुलूप. बिचारे धान नुकसान भरून काढायला नवे फुटवे फेकते. त्यांतही नव्या अळ्या शिरतात. बांधी हिरवीगार दिसते आणि खळ्यावर पोते भरत नाही.

म्हणून उपाय आधीच करायचा, आणि त्यातला पहिला बियाण्यात. 'सियाम 29' या परदेशी वाणाच्या संकरातून फाल्गुना, सुरेखा यांसारखे प्रतिकारक्षम वाण आपल्याकडे निघाले. वाटले, संपले एकदाचे! पण 1980 नंतरच्या दशकात आंध्रातील श्रीकाकुळम भागात फाल्गुनालाही न जुमानणारी माशी निघाली. आज भारतात गादमाशीचे सात प्रकार ओळखले गेले आहेत. एकाला अडवणारे वाण दुसऱ्यापुढे हतबल ठरते. आपण कुलूप बदलावे आणि तिने किल्ली, असा हा सामना आहे. शेजारच्या जिल्ह्यात चाललेले बियाणे आपल्याकडे चालेलच असे नाही, ते त्यामुळेच.

या सामन्यात आपल्या बाजूनेही एक लढवय्या आहे. प्लॅटिगास्टर नावाची इवलीशी गांधीलमाशी गादमाशीच्या अंड्यात आपले अंडे घालते. त्या एकाची पुढे अनेक पिल्ले होतात आणि गादमाशीची अळी आतून फस्त करतात. ऊठसूट फवारणी करणारा आधी या मित्राला मारतो.

बाकी उपाय साधे आहेत: वेळेवर रोवणी, युरियाचा बेताने वापर, आणि धुऱ्यावरचे देवधान उपटणे, कारण हंगाम नसताना माशी तिथे तग धरते. पण हे एकट्याने करून भागत नाही. निम्म्या गावाने रोवणी आधी उरकली आणि निम्म्याने महिन्याने केली, तर माशीला कोवळे फुटवे सतत मिळत राहतात. तिला सातबारा कळत नाही आणि धुराही. नव्या तांदळाचे पोते घरात यावे असे वाटत असेल, तर पुढच्या मृगाआधी साऱ्या गावाने एकदा एकत्र बसले पाहिजे.