जुन्या चेनसॉची पट्टी आणि साखळी: दुकानात जाण्याआधी

मॉडेल जुने असले तरी चालते. माप जुळले पाहिजे.

पिच: लागोपाठच्या 3 रिव्हेटांमधले अंतर, भागिले 2. नेहमीची मापे 3/8 इंच (सुमारे 9.5 मिमी) आणि 0.325 इंच (8.25 मिमी). साखळी, स्प्रॉकेट (साखळी फिरवणारे दातेरी चाक) आणि पट्टीच्या टोकाचे चाक, तिन्हींचा पिच एकच हवा.

गेज: पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी: 1.1, 1.3, 1.5 किंवा 1.6 मिमी. जाड कडी खाचेत शिरत नाही, पातळ डगमगते.

कड्या: खाचेतल्या कड्या मोजा. 18 इंची पट्टी म्हटले तरी कड्यांची संख्या ठरत नाही.

बूड: पट्टीच्या बुडाशी असलेली बोल्टची खाच आणि तेलाचे छिद्र कंपनीगणिक वेगळे. फसगत बहुतेक इथेच होते.

छाप: पट्टीच्या बुडाशी मापे कोरलेली असतात. ऑरेगॉन कंपनीच्या साखळीच्या कडीवर 72, 73, 75 म्हणजे 3/8 पिच, गेज अनुक्रमे 1.3, 1.5, 1.6 मिमी.

परतूरहून दुकानासाठी बाहेरगावी जायचे तर रेल्वे आहे: परतूर मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर आहे. जालना आणि छत्रपती संभाजीनगरही त्याच मार्गावर. जाताना जुनी पट्टी, साखळी सोबत न्यावी.