घरात आणखी कोण आहे?

निवडणुकीच्या जनमत चाचण्यांची आपल्याकडे चवीने चर्चा होते. पण लोक रोजच्या जगण्याविषयी काय मानतात, हे घरोघर जाऊन विचारणाऱ्या पाहण्यांकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक पुण्याला पाहण्या नवीन नाहीत. गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची सामाजिक व आर्थिक पाहणी करविली. तिचे दोन भाग १९४५ व १९५२ साली प्रसिद्ध झाले.

"थोड्या लोकांना विचारून साऱ्या देशाचे मत कसे कळणार?" असे रुग्ण मला विचारतात. शितावरून भाताची परीक्षा आपण करतोच की! रक्तातली साखरही बोटावरच्या एका थेंबावरून कळते. मात्र शीत बरोबर निवडावे लागते. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाकडे वीस लाखांहून अधिक मतपत्रिका परत आल्या, तरीही त्याचा अंदाज सपशेल चुकला. नावे घेतली होती मुख्यतः टेलिफोनवाल्यांची आणि मोटारवाल्यांची. जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने फार थोड्या लोकांना विचारले आणि रूझवेल्ट जिंकणार हे बरोबर सांगितले.

आता आपल्या विषयाकडे वळू. १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होते. तिची सूत्रे मुंबईच्या देवनार येथील लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे असतात. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत सव्वासहा लाखांहून अधिक घरांत ही मंडळी गेली. लसी, पाळणा, रक्तक्षय हे प्रश्न तर होतेच. पण आणखी एक प्रश्न होता, जो जगातल्या अनेक देशांत याच धर्तीवर विचारला जातो. बायको न सांगता बाहेर गेली, स्वयंपाक नीट केला नाही, उलट बोलली, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही, अशी सात कारणे वाचून दाखवायची आणि विचारायचे, यासाठी नवऱ्याने मारणे योग्य आहे का?

निदान एका कारणासाठी तरी "योग्य आहे" असे ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी सांगितले. आधीच्या २०१५-१६ च्या फेरीत हेच आकडे ५२ आणि ४२ होते. म्हणजे स्त्रियांचे मत बदलते आहे, पुरुषांचे मात्र नाही.

"बघा, बायकांनाच चालते!" असा अर्थ काही जण काढतात. मला तो पटत नाही. मार हा संसाराचाच भाग आहे असे लहानपणापासून पाहिलेली बाई त्याची तक्रार कोणाकडे करणार? ती दवाखान्यात येते ती डोके दुखते म्हणून, झोप लागत नाही म्हणून. आणि ती येते तेव्हा शेजारी नवरा किंवा सासू असते. "काय होतंय, ताई?" असे विचारावे, तर उत्तर शेजारून येते. दंडावरचा काळानिळा डाग "मोरीत घसरली" एवढ्यावर निकालात निघतो.

या पाहणीचा एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. मारहाणीविषयीचे प्रश्न घरातल्या एकाच स्त्रीला विचारायचे आणि तेही ती एकटी असेल तरच. एकांत मिळाला नाही तर हा भाग सोडून द्यायचा. अशा रीतीने विचारल्यावर १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक त्रास कधी ना कधी झाल्याचे सांगितले. अशी हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या केवळ १४ टक्के. त्यांतल्या बहुतेकींनी माहेर गाठले. डॉक्टरचा क्रमांक फारच खाली! आम्हा डॉक्टर मंडळींना हा आकडा झोंबायला हवा.

तपासणीच्या वेळी सोबतच्यांना पाच मिनिटे बाहेर बसवणे अवघड नसते. "रक्तदाब बघतो, तोवर जरा बाहेर थांबा" म्हटले की कोणी हरकत घेत नाही. वाचक भगिनींनीही डॉक्टरांना "मला एकटीला बोलायचंय" असे निःसंकोच सांगावे. २००५ च्या कायद्यानुसार अशा स्त्रीने मागितल्यास दवाखान्याने उपचार दिलेच पाहिजेत. १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे. आणि पाहणीवाले दारात आले, तर ओळखपत्र जरूर पाहा. पण सूनबाईंना प्रश्न विचारत असतील तेव्हा उत्तर तिचे तिलाच देऊ द्या, आपण आतल्या खोलीत जाऊन बसा.