‘भागीदार’ या संज्ञेचा अर्थ : माल पोहोचविणारा चालक आणि श्रमाचा करार

पूर्व दिल्लीतील मयूर विहार ही वसाहत यमुनेपलीकडे, नोएडाच्या सीमेलगत वसली आहे. तेथील गृहसंकुलांच्या फाटकांवर माल पोहोचविणाऱ्या दुचाकीस्वारांची दिवसभर ये-जा चालू असते. त्यांच्या पाठीवरील पेटीवर कंपनीचे नाव असते. कंपनीच्या भाषेत मात्र हे चालक तिचे नोकर नसून ‘पार्टनर’, म्हणजे भागीदार असतात. वाहन, इंधन आणि मोबाइल हे सारे चालकाचे स्वतःचे असते. अशा चालकाला स्वतंत्र कंत्राटदार मानावे की कर्मचारी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. कर्मचारी ठरल्यास किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि कामावरील अपघाताची भरपाई यांची जबाबदारी कायद्याने मालकावर येते. कंत्राटदार ठरल्यास मुख्यतः करारात लिहिले असेल तेवढेच त्याच्या पदरी पडते. एका संज्ञेवर एवढे अवलंबून असल्यामुळे हा प्रश्न अर्थनिर्णयाचाही आहे.

मराठी व्यवहारात श्रमाच्या मोबदल्याचे दोन प्रकार पूर्वापार ओळखले जातात : रोजंदारी आणि उक्ते. रोजंदारीत माणसाचा वेळ विकत घेतला जातो. उक्त्यात ठरलेले काम पुरे करून देण्याची बोली असते; ते कसे करावे हे करणाऱ्याकडे सोपविलेले असते. प्रत्येक फेरीमागे पैसे मिळत असल्याने चालकाचे काम वरकरणी उक्ते वाटते. परंतु मोबदल्याच्या रीतीवरून नाते ठरत नाही, असे भारतीय न्यायालयांनी फार पूर्वीच म्हटले आहे. सौराष्ट्रातील मिठागरांत मणामागे दर घेऊन काम करणारे अगरिया हे कामगारच होत, असे सर्वोच्च न्यायालयाने धरांगधरा केमिकल वर्क्स खटल्यात मानले (१९५७). कामाच्या पद्धतीवर नियंत्रण कोणाचे, ही त्यातील मुख्य कसोटी होती.

ही कसोटी लावणे किती अवघड असते, हे विडी-उद्योगातील निर्णयांवरून दिसते. बिरधीचंद शर्मा खटल्यात (१९६१) नागपूरच्या कारखान्यात नगावर विड्या वळणारे कामगार ठरले. पाठोपाठ शंकर बालाजी वाजे खटल्यात (१९६२) विडी वळणारा मात्र बहुमताने कामगार ठरला नाही. मनाला येईल तेव्हा यावे-जावे, ही त्याची मोकळीक निर्णायक मानली गेली. न्या. सुब्बाराव यांचे मत याविरुद्ध होते. ‘वाटेल तेव्हा लॉग-इन करा’ या आजच्या युक्तिवादाचे मूळ रूप येथे आढळते. विडी कामगारांपुरता हा पेच अखेर विधिमंडळानेच सोडविला : १९६६च्या कायद्याने घरी विड्या वळणाऱ्यांनाही कर्मचाऱ्याच्या व्याख्येत घेतले. महाराष्ट्राच्या १९६९च्या माथाडी कायद्याने तर मालक कोण, या वादात हमालाचे हक्क अडकू नयेत म्हणून मंडळांमार्फत नोंदणी व वेतनवाटपाची व्यवस्था केली.

‘भागीदार’ या शब्दाचा खरा आशय पाहावयाचा असल्यास मुंबईच्या डबेवाल्यांकडे वळावे लागेल. १८९०पासूनच्या या व्यवसायात डबेवाला कोणाचा नोकर नसतो. मुकादमाच्या हाताखालील टोळी आपले दर आणि आपली गिऱ्हाइके स्वतः सांभाळते. खर्च वजा जाता उरलेली मिळकत सभासद वाटून घेतात. येथे भागीदारी म्हणजे खरोखर भाग असणे होय. मयूर विहारातील चालकाचे दर कंपनी ठरविते व बदलते. गिऱ्हाईक कंपनीचे असते. मिळालेल्या ताऱ्यांवर पुढचे काम अवलंबून राहते आणि खाते बंद झाले की मिळकत थांबते. नफ्यात त्याचा हिस्सा नसतो. मुकादमाची जागा संगणकीय प्रणालीने घेतली आहे. मुकादमाशी घालता येणारी हुज्जत मात्र तिच्याशी घालता येत नाही.

कायद्याच्या भाषेतील विसंगतीही ध्यानात घ्यावयास हवी. दिल्ली सरकारने २०२३ साली अधिसूचित केलेली योजना २५ वा अधिक वाहनांचा ताफा असणाऱ्या वितरण-कंपन्यांना लागू होते आणि १ एप्रिल २०३०पर्यंत तो ताफा विद्युत वाहनांचा करण्याचे बंधन त्यांच्यावर घालते. म्हणजे चालकाची दुचाकी कंपनीच्या ताफ्यात मोजली जाते. चालक मात्र तिच्या कर्मचाऱ्यांत मोजला जात नाही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० या कायद्याने ‘गिग कामगार’ ही संज्ञा दिली. पण तिची व्याख्या नकारात्मक आहे : पारंपरिक मालक-कर्मचारी नात्याबाहेर काम करून कमावणारा तो गिग कामगार. त्याच्या कल्याणासाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के (अशा कामगारांना देय रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत) अंशदान द्यावयाचे आहे. ही तरतूद उपयुक्त आहे. परंतु तीतून योजना मिळते, नात्याचा निर्णय मिळत नाही.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली उबर खटल्यात लेखी कराराला आरंभबिंदू मानण्यास नकार दिला आणि प्रत्यक्ष व्यवहार पाहून चालकांना ‘वर्कर’ या मधल्या वर्गात घातले. अगरियांच्या खटल्याची दिशा याहून फार वेगळी नव्हती. दर, गिऱ्हाईक आणि नफा यांपैकी काहीही ज्याच्या हाती नाही, त्याला भागीदार म्हणणे म्हणजे शब्दाला त्याच्या अर्थापासून तोडणे होय. वेळ निवडण्याची मोकळीक हा चालकाच्या स्वातंत्र्याचा खरा अंश आहे, हे मान्य करावयास हवे. तथापि वरील तीन कसोट्यांपुढे तो अंश तोकडा पडतो आणि हा चालक कंत्राटदारापेक्षा कर्मचाऱ्याच्याच अधिक जवळ आहे, असे म्हणणे भाग पडते.